लाकडावर शिक्का, मग सल्ल्यावर का नाही?



नागपूरच्या लकडगंजात शिरले की आरामशीनचा आवाज आणि भुशाचा वास एकदमच येतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान या बाजारात उतरते. ट्रकमधून उतरणाऱ्या ओंडक्याचे तोंड जरा निरखून पाहा. त्यावर नंबर असतो, हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. लांबी किती, गोलाई किती, कोणत्या आगारातून निघाला, हे सोबतच्या यादीत लिहिलेले असते. वाहतुकीचा परवाना नसेल तर गाडी नाक्यावर अडते. इंग्रजांच्या काळातल्या वन कायद्यांपासून हे चालत आले आहे. माल वाटेत बदलू नये, आणि बदललाच तर कुठे बदलला ते सापडावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

आता आपल्याकडे या. पऱ्हाटीवर तुडतुडे पडले म्हणून तुम्ही कृषी केंद्रावर जाता. दुकानदार दोन बाटल्या काढून देतो आणि सांगतो, "दोन्ही मिसळून मारा." बाटलीचे बिल मिळते. "मिसळून मारा" या शब्दांचे बिल मिळत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारने चौकशी पथक नेमले. कोणते औषध विकले गेले हे कागदावरून काढता येते. पण काय मिसळा, किती मिसळा, हे कोण कोणाला म्हणाले, ते कोणत्या कागदावर पाहणार? बोललेला शब्द वाऱ्यावर गेला. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही, आणि सल्ला देणारा म्हणतो, मी असे बोललोच नाही.

लाकडाच्या ओंडक्याला नोंद आहे. माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या सल्ल्याला नाही. या अंकात हा विषय घेण्याचे कारण असे, की सल्ला देणारा आता बदलतो आहे. दुकानदाराच्या जागी यंत्र येत आहे.

बोलणारे यंत्र

2025 साली राज्याच्या कृषी विभागाने महाविस्तार नावाचे ॲप आणले. मराठीत प्रश्न विचारा, मराठीत उत्तर मिळते. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, त्यासाठी 500 कोटींची तरतूद ठेवली. केंद्राने त्याआधीच, 2023 साली, पीएम-किसान योजनेच्या प्रश्नांसाठी किसान ई-मित्र सुरू केले होते. खाजगी कंपन्यांची ॲपे वेगळीच. हे थांबणार नाही, आणि ते थांबावे असे आमचे म्हणणेही नाही. रात्री दहा वाजता, अडीच एकरवाल्या माणसाला, त्याच्या बोलीत, फुकट उत्तर मिळत असेल तर ते यावे. नव्या तंत्राला नाही म्हणण्याची चैन कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही.

पण यंत्र कसे चालते ते समजून घ्या. या यंत्राने माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर पचवला आहे आणि एका शब्दामागे दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते शिकले आहे. नीट मांडणी केली असेल तर विद्यापीठाची शिफारस आधी शोधून त्याच्यापुढे ठेवतात आणि तीवरून उत्तर करायला लावतात. तरी त्यात दोन खोडी आहेत. एक, तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर दोन तऱ्हेचे येऊ शकते. दुसरी खोड जास्त वाईट. मोटार बिघडली की बंद पडते, आपल्याला कळते. हे यंत्र चुकले तरी बंद पडत नाही. चुकीचे उत्तरही ते त्याच गोड, शुद्ध, ठाम मराठीत देते.

आम्ही स्वतः एका ॲपला, नाव घेत नाही, कपाशीवरच्या लाल्याबद्दल सकाळी विचारले आणि तेच संध्याकाळी पुन्हा विचारले. सकाळी मॅग्नेशियमची फवारणी सांगितली, संध्याकाळी बुरशीनाशक. सकाळचे उत्तर पुन्हा पाहू म्हटले तर ॲप बंद केल्याबरोबर ते गेलेले. कोणत्या उत्तरावर पैसे खर्चायचे? आणि खर्च वाया गेला तर कोणाला काय दाखवायचे?

पावतीचा हक्क भांडूनच मिळाला

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख होता खतपत्रांवर. कारण कागद सावकाराकडे, वही सावकाराकडे, लिहिणारा हातही सावकाराचाच. फेडले किती आणि राहिले किती, हे शेतकऱ्याला फक्त ऐकायला मिळे. चार वर्षांनी, 1879 साली, सरकारला पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांसाठी कायदा करावा लागला. व्याजाच्या आणि कोर्टाच्या कलमांबरोबर त्यात आणखी एक साधी गोष्ट होती: शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाला हिशेब मिळाला पाहिजे, आणि मागितल्यास खाते पासबुकात लिहून मिळाले पाहिजे. नोंद दोन्ही बाजूंच्या हातात असल्याशिवाय ती नोंद नव्हे. आपल्या बापजाद्यांनी दंगा करून मिळवलेला हा धडा आहे.

आजचा दाखला परदेशातला घ्या. कॅनडातल्या एका माणसाने 2022 साली, आजी वारली म्हणून, एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बोलक्या यंत्राला सवलतीच्या तिकिटाबद्दल विचारले. यंत्राने सांगितले, आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागा. तसे केल्यावर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले. तिथे कंपनीने मांडलेल्या बचावाचा अर्थ असा निघत होता, की यंत्र काय बोलले त्याला यंत्रच जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने हे उडवून लावले आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. तो माणूस जिंकला कशामुळे? यंत्राच्या उत्तराचा फोटो त्याने जपून ठेवला होता. बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवा, असे आपण दर सभेत सांगतो. हे तेच आहे.

वहीत काय लिहायचे

इंग्रजीत या नोंदीला 'लॉग' म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका. जुन्या काळी जहाजावरचे खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात टाकत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजून वेग काढत आणि वहीत लिहीत. त्या वहीला लॉगबुक नाव पडले, आणि पुढे संगणकवाल्यांनी ते उचलले. म्हणजे हा शब्द मुळात लकडगंजातलाच म्हणा.

सल्ल्याच्या यंत्राच्या वहीत किमान इतके पाहिजे. प्रत्येक प्रश्नाला एक नंबर. तारीख आणि वेळ. शेतकरी बोलून विचारत असेल तर तो काय बोलला आणि यंत्राने ते काय म्हणून लिहून घेतले, दोन्ही. कारण "पऱ्हाटी" म्हटलेले यंत्राने "पराठी" लिहून घेतले की पुढचे सगळेच चुकते. उत्तर करताना कोणती शिफारस काढली, कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या वर्षाची. यंत्राला आधी कोणत्या सूचना देऊन ठेवल्या होत्या. यंत्र कोणते आणि त्याची आवृत्ती कोणती. ही आवृत्ती म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर समजा. कंपनी मागच्या मागे यंत्र बदलते, ॲपचे नाव तेच राहते, आणि काल बरोबर असलेले उत्तर आज बिघडते. लॉट नंबर नसेल तर बिघाड केव्हापासून, हे कधीच सापडणार नाही. शेवटी, दिलेले उत्तर जसेच्या तसे, आणि शेतकऱ्याने त्यावर दिलेला शेरा.

हे सगळे एका नंबराखाली जोडलेले असावे. कपाशीच्या गाठीचे पाहा. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे 1925 च्या कायद्याने बंधनकारक केले. गिरणीत गाठीत खोट निघाली की माग काढत प्रेसपर्यंत येता येते. उत्तरात खोट निघाली तर तसेच मागे जाता आले पाहिजे: चूक ऐकण्यात झाली, जुनी शिफारस निघाली म्हणून झाली, की शिफारस बरोबर असून यंत्राने आकडा फिरवला?

नुसती वही पुरत नाही, सापळा लावा

वही लिहिली आणि पेटीत ठेवली तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत. वहीवर कोणाची तरी नजर पाहिजे. ही नजर कशी ठेवायची ते आपल्याला शिकवायला नको. गुलाबी बोंडअळीसाठी आपण हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतो, सापडलेले पतंग मोजतो, लिहितो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली, आता हालचाल करायची. शंभर पतंग येईपर्यंत वाट पाहत नाही, आणि एका पतंगाने घाबरत नाही. 2008 साली सोयाबीनवर अळ्या तुटून पडल्या, त्यानंतर 2009-10 पासून राज्यात क्रॉपसॅप योजनेखाली गावोगावच्या किडींची निरीक्षणे नोंदवणे सुरू झाले ते याच विचाराने. यंत्रावर असेच सापळे लावता येतात.

पहिला सापळा आकड्यांचा. आपल्या पत्रकांत औषधाचे प्रमाण बहुधा "10 लिटर पाण्याला" असे असते. समजा शिफारस आहे 10 लिटरला 10 मिली, आणि यंत्राने लिहिले "लिटरला 10 मिली". एक शब्द गळाला आणि मात्रा दहापट झाली. पाठीवर पंप घेऊन वाकलेल्या माणसासाठी ही छापण्याची चूक नव्हे, हा दवाखान्याचा रस्ता आहे. म्हणून ज्या उत्तरात औषध आणि मात्रा आहे, ते देण्याआधी आकडा लेबलवरच्या मात्रेशी ताडून पाहावा. जुळला नाही तर उत्तर अडवावे आणि माणसाकडे पाठवावे.

दुसरा सापळा ठरलेल्या प्रश्नांचा. ज्यांची उत्तरे तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवली आहेत असे शे-पन्नास प्रश्न दर आठवड्याला, आणि यंत्राची आवृत्ती बदलली की त्याच दिवशी, यंत्राला विचारावेत. ज्वारीच्या काणीसाठी बियाण्याला गंधक किलोला किती ग्रॅम? 4. यंत्र 40 म्हणाले की भोंगा वाजला पाहिजे.

तिसरा सापळा माणसाचा. दर आठवड्याला काही उत्तरे चिठ्ठ्या टाकून काढावीत, आणि ती पीक जाणणाऱ्या माणसाने वाचावीत. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. माणसांची वाण नाही. आणि त्यांच्याबरोबर एक वऱ्हाडी शेतकरी बसवा. बोली कळली नाही म्हणून चुकलेले उत्तर शास्त्रज्ञाच्या नजरेतून सुटेल, त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

चौथा सापळा तक्रारींचा. एका तालुक्यातून "चूक" असा शेरा एकदम वाढला, किंवा "मला माहीत नाही" ही उत्तरे एकदम कमी झाली, की पाहावे. दुसरी गोष्ट ऐकायला चांगली वाटते, पण यंत्र अचानक सर्वज्ञ झाले याचा अर्थ बहुधा ते ठोकून देऊ लागले असाच असतो.

कुंपणच शेत खाईल

इथे एक धोका आहे, आणि तो आपल्याच मागणीतून निघतो. नोंद ठेवा म्हटले की वही तयार होते. ती वही कोणाची?

एका तालुक्यातून सप्टेंबरात दहा हजार जणांनी बोंडे सडण्याबद्दल विचारले, तर त्या तालुक्यात कापूस किती येणार, हे दिवाळीच्या आत कोणाला तरी कळले. ते व्यापाऱ्याला आधी कळले आणि तुम्हाला नाही, तर भाव कोणाच्या बाजूने फिरेल? कोणी कर्जाबद्दल विचारले, कोणी जमीन विकण्याबद्दल विचारले, हे नावानिशी कोणाच्या हाती लागले तर ती सावकाराची नवी वही झाली, आणि यावेळी ती जाळताही येणार नाही. म्हणून नाव, फोन नंबर, आधार, गट नंबर हे सल्ल्याच्या नोंदीतून वेगळे काढून कुलपात ठेवावे. तपासणाऱ्याला प्रश्न दिसावा, माणूस दिसू नये. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपली कोणती माहिती घेतली आणि तिचे काय केले हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. तो वापरायचा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याला किसान कॉल सेंटर दाखवा. 2004 पासून ते चालू आहे. कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या पिकाबद्दल, काय विचारले आणि काय सांगितले, याच्या त्याच्या नोंदी सरकारने लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. टेलिफोनवरच्या माणसाची नोंद खुली होऊ शकते तर यंत्राची का नाही? युरोपने 2024 साली केलेल्या कायद्यात जास्त जोखमीची कामे करणाऱ्या यंत्रांनी आपली नोंद आपोआप ठेवलीच पाहिजे असे कलम घातले आहे. आपल्या पाठीवरचा पंप कमी जोखमीचा आहे काय?

खर्चाचा बाऊ करू नका

"एवढे सगळे साठवायला पैसा लागतो" असे उत्तर येईल. हिशेब करू. मराठीतले एक अक्षर-चिन्ह साठवायला संगणकात साधारण तीन बाइट लागतात. दोनशे शब्दांचे उत्तर म्हणजे दीड हजार चिन्हे, साडेचार हजार बाइट. प्रश्न, काढलेली शिफारस आणि बाकी तपशील धरून सढळ हाताने 20 किलोबाइट म्हणा. एक लाख प्रश्नांची संपूर्ण वही झाली 2 गिगाबाइट. तुमच्या खिशातल्या फोनच्या कार्डात ती मावते. आवाजही ठेवायचा तर जागा जास्त लागेल, पण तो काही महिन्यांनी पुसता येतो. नोंद न ठेवण्याचे कारण पैसा असूच शकत नाही.

आपल्याच एखाद्या शेतकरी कंपनीने उद्या सभासदांसाठी असे यंत्र बसवले तर हाच नियम तिलाही. पहिले उत्तर देण्याआधी वही तयार पाहिजे. हंगाम गेल्यावर नोंदी गोळा करणे म्हणजे वरातीमागून घोडे. तपासणारा माणूस कोण, तो कोणत्या वारी बसणार आणि भोंगा वाजला तर यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे तिघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. दुसऱ्याला विचारायचे ते प्रश्न आधी घरात विचारले पाहिजेत.

जिल्हा बैठकीपुढे

पुढील मागण्या आम्ही बैठकीपुढे ठेवत आहोत. चर्चा करा, दुरुस्ती सुचवा, मग ठराव करू.

1. सरकारी असो की खाजगी, शेतीचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक यंत्राने प्रत्येक उत्तराला नंबर द्यावा आणि तो नंबर, तारीख आणि यंत्राची आवृत्ती यांसह उत्तराची प्रत शेतकऱ्याच्या फोनवर राहावी.

2. ही नोंद किमान दोन हंगाम जपावी. कपाशीचे नुकसान कळायला तेवढा वेळ लागतो.

3. औषधाची मात्रा सांगणारे उत्तर लेबलशी ताडल्याशिवाय देऊ नये.

4. दर महिन्याला तालुकावार गोषवारा, किती प्रश्न, किती चुका, कोणत्या दुरुस्त्या, नावे वगळून जाहीर करावा आणि कृषी सहायकाने तो ग्रामसभेत वाचावा.

5. शेतकऱ्यांच्या प्रश्नांची वही विकू नये.

सरकारचे उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रत्येक गावात एकाने शंभर पानी वही घालावी. ॲपने सल्ला दिला की फोनवर त्याचा फोटो काढा, वहीत तारीख, पीक, प्रश्न आणि उत्तराचा आकडा लिहा, आणि पंधरा दिवसांनी शेतात काय झाले ते शेजारी लिहा. मात्रेबद्दल शंका असेल तर बाटलीवरचे लेबल खरे, यंत्र नाही. ह्या वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या. वीस गावांच्या वह्या एकत्र मांडल्या तर कोणते यंत्र कशात चुकते, हे ते बनवणाऱ्याच्या आधी आपल्याला सांगता येईल.

लकडगंजातला व्यापारी शिक्का पाहिल्याशिवाय ओंडका आत घेत नाही. तुम्ही नंबर पाहिल्याशिवाय सल्ला शेतात घेऊ नका.